काकूंची मुरड: फॉल-बिडिंग, ब्लाउज आणि करंज्या, तीन वर्षांचा अनुभव

डोंबिवली पूर्वेला आमच्या मागच्या गल्लीत एक काकू आहेत. घरूनच ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल-बिडिंग करतात आणि गौरी-गणपती नि दिवाळीला करंज्या-कानवल्यांच्या ऑर्डरी घेतात. बोर्ड नाही, कार्ड नाही, नाव-नंबर कुठे टाकू नकोस असं त्यांनीच सांगितलंय कारण दोन हातांनी होईल तेवढंच काम घ्यायचं हा त्यांचा नियम आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. पण तीन वर्षं त्यांच्याकडे जातेय आणि त्यांच्या कामाबद्दल नीट, सविस्तर लिहावं असं खूप दिवस मनात होतं. तुमच्या भागात कुणी असं काम करून देणारं असेल तर काय बघून घ्यायचं हेही त्यातून कळेल.

सुरुवात झाली आईच्या इरकली साडीपासून. हिरवी, लाल टोपपदराची, आईने फारशी नेसलेली नाही, मला दिली. मी ती घाईघाईत स्टेशनजवळच्या एका दुकानात फॉलला टाकली (नाव घेत नाही, तिथे गर्दी भरपूर असते आणि काम पटकन मिळतं हे खरं), दुसऱ्या दिवशी साडी हातात. छान दिसत होती. पहिल्या धुण्यात फॉल आटला आणि साडी आटली नाही, म्हणजे खालचा काठ असा गोळा झाला की नेसल्यावर पायाशी झालर लावल्यासारखं दिसायला लागलं. वरून मशीनची टीप, तीही नायलॉनच्या दोऱ्याने, त्यामुळे उसवायला गेले तर काठाचे धागे ओढले जायला लागले. आईची साडी होती, मला खरंच रडू आलं.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने काकूंचं नाव सांगितलं. संध्याकाळी सात अठ्ठावीसची लोकल पकडून थेट तिकडेच गेले. दुसरा मजला, दार उघडंच, गॅलरीत पायमशीन, आत ओट्यावर काहीतरी शिजतंय. काकूंनी साडी ट्यूबलाइटखाली धरली, काठ बोटांमधून सरकवत सरकवत शेवटपर्यंत नेला आणि म्हणाल्या, "फॉल न भिजवता लावलाय गं, आणि टोकांना मुरडसुद्धा घातली नाहीये, बघ दोरे कसे सुटलेत."

मुरड. मी हा शब्द करंजीसाठी ऐकला होता, कपड्यासाठी आमच्याकडे सगळे फोल्ड म्हणतात, फार तर दुमड. त्यामुळे तो कानात राहिला.

त्यांनी काय केलं ते सांगते कारण हे मी पुढे बसून बघितलंय. आधी जुनी टीप ब्लेडने नाही, सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून उसवली, त्यालाच दीड तास गेला असेल. नवा सुती फॉल गरम पाण्यात बुडवून रात्रभर ठेवला, वाळवला, इस्त्री केली. म्हणजे काय आटायचा तो आधीच आटून घेतला. मग फॉलची दोन्ही आखूड टोकं पाव इंच आत, परत अर्धा इंच आत अशी दोनदा वळवून घेतली, ही मुरड, आणि मग साडीच्या उलट्या बाजूला लावून हातशिलाईने चारी बाजूंनी शिवला. सुई साडीतला एखाद-दुसराच धागा उचलते, त्यामुळे सुलट बाजूने टाका दिसतच नाही, तुम्ही बोट फिरवलंत तरी लागत नाही. त्याचे तेव्हा त्यांनी १२० रुपये घेतले, उसवायचे वेगळे काही नाहीत. ती साडी मी त्यानंतर किती वेळा धुतली असेल, काठ अजून सरळ आहे.

ब्लाउजचंही थोडक्यात लिहिते. मापं टेपने घेतात पण एक जुना नीट बसणारा ब्लाउज मागतातच. मुंढ्यात आणि बाजूला दोन्हीकडे माया, म्हणजे शिवणीच्या आत वळवलेलं जादा कापड, भरपूर ठेवतात, माझ्या ब्लाउजांना दीड-दीड इंच आहे आणि मधल्या वर्षात माझं वजन वाढलं तेव्हा त्याच मायेतून चार ब्लाउज पंधरा मिनिटांत सैल करून दिले. हल्ली बऱ्याच ठिकाणी कापड वाचवायला माया ठेवतच नाहीत आणि मग नवा ब्लाउज शिवण्याशिवाय इलाज नसतो. अस्तराचं कापड त्या आधी धुऊन घेतात. हुक पक्के. गळ्याचे फार फॅशनचे प्रकार करत नाहीत, डोरी-लटकन, जाळीची पाठ वगैरे हवं असेल तर दुसरीकडे जा, तसं त्या स्वतःच सांगतात.

आता करंज्या.

त्याच वर्षी गौरींच्या आधी मी ब्लाउज आणायला गेले तर काकू ओट्यापाशी बसून कानवले करत होत्या. हात मोकळे नाहीत, बस पाच मिनिटं म्हणाल्या. मी पाच मिनिटं बसले ती पाऊण तास बसले. समोर परातीत भिजवलेला रवा-मैदा, ओल्या पंचाखाली झाकलेला. एक लाटी काढली, पारी लाटली, मध्ये पातळ नाही, कडेला जाड नाही, सारण दीड चमचाच, त्याहून जास्त नाही. अर्ध्या कडेला दुधाचं बोट फिरवलं, पारी मिटली, कड दाबली. मग डाव्या तळहातावर करंजी आडवी घेतली आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने नि पहिल्या बोटाने एका टोकापासून सुरू: चिमटीत कड धरायची, जरा ओढायची, आत वळवून दाबायची, जिथे दाबली तिथूनच पुढची चिमूट. प्रत्येक चिमूट आधीच्या चिमटीवर अर्धी चढलेली. शेवटी पोहोचल्या तेव्हा कडेला दोरखंडासारखा पीळ तयार. तीस सेकंदसुद्धा लागली नसतील. आणि बोलणं चालूच, म्हणाल्या, "मुरड घातली की उघडी कड आत जाते, मग सारणाची बाहेर यायची बिशाद नाही."

त्याच क्षणी मला ती साडी आठवली. तिथेही उघडी कड आत गेली म्हणून दोरे बाहेर आले नाहीत. इथे सारण, तिथे धागा, पण हाताची हालचाल तीच, दोनच बोटं, आत वळवायचं आणि दाबायचं. मी हे काकूंना म्हटलं तर त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही, "एकच तर आहे, पीठ काय नि कापड काय" एवढंच म्हणून पुढची पारी घेतली. मला मात्र त्या दिवसापासून हा शब्द सगळीकडे दिसायला लागलाय आणि काकूंचं काम एवढं का टिकतं हेही मला त्या शब्दातूनच कळलं असं मी मनापासून मानते. कड कशी संपवायची हे ज्याला येतं त्याचं सगळं काम नीट असतं.

चवीबद्दल: सुक्या खोबऱ्याच्या करंजीत खोबरं, भाजलेला रवा, खसखस, वेलची-जायफळ, पिठीसाखर. साखर माझ्या चवीला किंचित जास्त आहे, पण आधी सांगितलं तर कमी करतात, मी सांगते. पीठ दुधात भिजवतात, कडकडीत तुपाचं मोहन, आणि मग वरवंट्याने कुटतात, फूड प्रोसेसर नाही. साट्याच्या करंज्या वेगळ्या ऑर्डरने, त्यांचे पदर अगदी एकेक मोजता येतात पण त्या प्रवासात मोडतात, लांब न्यायच्या असतील तर साध्याच घ्या. ओल्या नारळाच्या फक्त गणपतीत आणि त्याच दिवशी खायच्या, दुसऱ्या दिवसासाठी त्या देतच नाहीत.

मुरडीची खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. एक म्हणजे तळताना. मुरड सैल असेल तर करंजी कढईत तोंड उघडते, साखर तेलात उतरते, करपते आणि पुढच्या सगळ्या घाण्याला काळे ठिपके येतात. काकूंच्या डब्यात तळाशी सारणाचा भुगा कधीच नसतो, मी मुद्दाम बघते. दुसरी म्हणजे खाताना, कड कच्ची राहते का ते. बऱ्याच जणांची मुरड दिसायला सुंदर असते पण तिथे पीठ दोन-तीन पदरी होतं आणि आतून कच्चं, दाताला चिकट लागतं, मुलं मधलं खातात नि कड ताटात ठेवतात. काकू कड मुळात पातळ लाटतात आणि मंद आचेवर तळतात म्हणून ती कड खुसखुशीत होते, माझा मुलगा तर कड आधी खातो.

तुलनेसाठी सांगते, गेल्या दिवाळीत ऑफिससाठी एका मोठ्या दुकानातून अर्धा किलो आणल्या होत्या. साच्यातल्या होत्या, कडेला दाते सारखे, बघायला एकसारख्या, पण ती मुरड नाही, तो नुसता दाब आहे. दोन्ही कडा एकमेकींवर चिकटवल्या, आत काही वळवलेलं नाही, त्यामुळे बॉक्समध्ये निम्म्यांची तोंडं उघडली होती. साचा वाईट असं माझं म्हणणं नाही, घरी मीही साचाच वापरते, कातण्याने कापलेल्याही छान लागतात. पण मुरडीचे पैसे घेऊन साच्याच्या देऊ नयेत. काकूंचा दर साच्यापेक्षा जास्त आहे, गेल्या दिवाळीला ६४० रुपये किलो होता, आणि त्यावर नाक मुरडणारे लोक मी त्यांच्या दारात बघितलेत. त्यांनी एकदा खाली मांडी घालून पंचवीस करंज्यांना मुरड घालून बघावी, मग पाठ आणि अंगठा काय म्हणतो ते कळेल. मी बघितलीय घालून. अकराव्याला माझी चिमूट चिमूट राहिली नाही.

नाक मुरडणं म्हणताना आलं लक्षात, हाही तोच शब्द. काकूंकडे बसलं की असं होतंच. एकदा माझ्या शेजारणीची सून तान्ह्या बाळाला घेऊन आली होती, बाळ पाय पोटाशी घेऊन सारखं रडत होतं. काकू म्हणाल्या मुरडा आलाय त्याला. आत गेल्या आणि बाळगुटीच्या डबीतून एक काळपट-तपकिरी शेंग आणून दाखवली, स्क्रूसारखी स्वतःभोवती पिळलेली. मुरडशेंग. जायफळ, वेखंड, हळकुंड यांच्याबरोबर सहाणेवर हिचे वेढे उगाळतात हे मला ऐकून माहीत होतं पण नाव असं का हे कधी डोक्यात आलं नव्हतं. शेंगेला मुरड, म्हणून नाव मुरडशेंग, आणि जुन्या बायका ती द्यायच्या पोटातल्या मुरड्यासाठी. (बाळाला काहीही द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, त्या सुनेलाही काकूंनी तेच सांगितलं, शेंग फक्त दाखवली.)

मोदकाला मात्र त्या मुरड म्हणू देत नाहीत. मोदकाच्या कळ्या, ब्लाउजच्या फुग्याच्या बाहीच्या चुण्या आणि साडीच्या निऱ्या. तिन्हीत पदर एकाशेजारी एक उभे राहतात, कड आत जात नाही, म्हणून ती मुरड नाही. हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं आणि दुसऱ्यांदा रुमाल घेऊन करून दाखवलं. भरणं हाही असाच पीठ-कापड दोन्हीकडचा शब्द, वांगी भरतात नि रुमालावर भरतकाम करतात, त्यावर त्यांच्याशी बोलायला बसले तर रात्र होईल म्हणून त्या दिवशी उठले.

आता अडचणीच्या गोष्टी, कारण सगळं गोड लिहिलं तर उपयोग नाही.

तारीख. काकू सांगतात त्या तारखेत दोन दिवस धरून चाला. लग्नासाठी शिवायला टाकत असाल तर आठवडाभर आधीची तारीख सांगा. २०२३ च्या दिवाळीला स्टेशनच्या जिन्यावर त्यांचा पाय मुरगळला, आमच्या आईच्या भाषेत मुरडला, आणि खाली बसणं बंद झालं. माझी दोन किलोची ऑर्डर होती. त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, ॲडव्हान्स परत घ्यायला लावला आणि वर म्हणाल्या दुसऱ्या कुणाकडून करून घेऊन माझ्या नावावर देणार नाही. मला त्या वर्षी साच्याच्या खाव्या लागल्या, वाईट वाटलं, पण हे सांगण्याची पद्धत मला फार आवडली.

बुधवारी संध्याकाळी बंद. नागपंचमीला पूर्ण बंद, त्या दिवशी त्यांच्या घरात चिरायचं-कापायचं नाही, मग विळी पण नाही आणि कात्री पण नाही, तवासुद्धा चढत नाही, पुरणाचे दिंड उकडतात. पहिल्या वर्षी मला माहीत नव्हतं, मी त्याच दिवशी कापड घेऊन गेले होते, कापड ठेवून घेतलं पण कात्री लावली दुसऱ्या दिवशी. दिंड मात्र मिळाले, तूप घालून.

पैसे ऑनलाइन चालतात, हे गेल्या वर्षीपासून. जिना आहे, लिफ्ट नाही. ट्रायल हवी असेल तर आत त्यांच्या झोपायच्या खोलीत, दार लागतं, व्यवस्थित आहे.

बुधवार का बंद ते सांगायला हवं. काकू बुधवारी पेटी शिकायला जातात. वय एकसष्ट. लहानपणी गाण्याची आवड होती, लग्नाआधी दोन वर्षं शिकल्याही होत्या, मग इथे आल्या, काकांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली, मुलं लहान, तेव्हा मशीन घेतली आणि गाणं राहिलं. हे त्या ब्लाउजला हुक लावता लावता सांगत होत्या. मी म्हटलं, काकू, तुम्ही किती आवडीला मुरड घातली हो. माझ्या डोक्यात त्या वाक्याचा नेहमीचा अर्थ होता, मन मारलं, सोडून दिलं. त्यांनी हुकाचा दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "अगं मुरड घातली म्हणजे कापून टाकलं का? कापड आतच असतं. वेळ आली की उसवायचं नि सोडायचं."

मी त्यावर त्यांना काहीच बोलू शकले नाही. रात्री घरी येऊन आरशासमोर तोच ब्लाउज उलटा करून बघितला, बाजूची शिवण, आत वळवलेलं दीड इंच कापड, नवं कोरं, बाहेरच्या कापडापेक्षा रंगाने जरा गडद, कारण त्याला ऊन लागलेलंच नाही.

आणि एक अनुभव, ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. माझी भाची, बहिणीची मुलगी, गेल्या वर्षी मास्टर्ससाठी जर्मनीला गेली. तिकडचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं म्हणून सप्टेंबरात निघाली, आणि निघायचा दिवस नेमका गौरी विसर्जनाचा आला. बहीण सकाळपासून गप्प. घरात गौरी जायच्या आणि पोरगीही जायची. काकूंना मी आदल्या दिवशी नुसतं बोलता बोलता सांगितलं होतं, ऑर्डर दिली नव्हती. विसर्जनाच्या दिवशी सकाळी नऊला काकू स्वतः आमच्या दारात, हातात पितळी कड्यांचा स्टीलचा डबा. आत अकरा कानवले, एकेकाला बारीक, घट्ट मुरड.

गौरींना निरोपाच्या नैवेद्यात मुरडीचा कानवला असतो हे आमच्याकडे आहेच, आई करायची. सासरी निघालेल्या लेकीच्या बरोबरही द्यायचे. का, तर मुरडून ये म्हणून. करंजीची कड जशी परत आत वळते तशी तूही परत वळून घराकडे ये. मुरडणं म्हणजे मागे फिरणं हा अर्थ शब्दात आहेच, आणि कुणीतरी कधीतरी तो अर्थ पिठात घातला आणि लेकीच्या हातात दिला, केवढी मोठी गोष्ट आहे ही. तोंडाने परत ये म्हणायचं तर घसा भरून येतो, निघताना रडू नये म्हणतात, मग बायकांनी ते दोन बोटांनी म्हटलं.

काकूंनी पाच कानवले गौरींपुढे ठेवायला सांगितले आणि सहा भाचीच्या हँडबॅगेत. भाची म्हणाली विमानात कडा मोडतील. काकू म्हणाल्या, "साच्याच्या मोडतील, या नाही मोडायच्या." पैसे विचारले तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी पर्स बंद केली.

एक तिने विमानतळावरच खाल्ला. शेवटचा खोलीवर पोहोचून आठव्या दिवशी खाल्ला तेव्हा फोटो पाठवला होता, टेबलावर कागद, त्यावर कानवला, कड शाबूत.

यंदा ती पंधरा दिवसांसाठी घरी आली. तो स्टीलचा डबा बरोबर आणला होता, तिकडे वर्षभर त्यात ती डाळ ठेवायची. डबा रिकामा परत करायचा नाही एवढं तिला बरोबर माहीत होतं, म्हणून तिकडून आणलेली बदामाची चॉकलेटं भरून आम्ही दोघी काकूंकडे गेलो. काकू मशीनवर होत्या. पाय थांबवला, चष्मा वर केला, तिच्याकडे बघितलं आणि नुसतं "आलीस मुरडून" म्हणाल्या आणि परत मशीन चालू केली कारण एका बाईंचा ब्लाउज सातला द्यायचा होता.

तर कामाचं एवढंच की दिवाळीच्या ऑर्डरी कोजागिरीपर्यंतच घेतात, नंतर किती ओळख असली तरी नाही, आणि वसुबारसेपासून डबे द्यायला लागतात. दिवाळी पहाटेला फडके रोडवर जाणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळीच डबे घेऊन ठेवा, त्या सकाळी काकूही नऊवारी नेसून गणपती मंदिराकडे गेलेल्या असतात आणि दाराला कुलूप असतं. साडी देणार असाल तर फॉल नवा आणा, सुती आणा, आणि घरी भिजवत बसू नका, त्या परत भिजवतातच.